लेकीच्या क्लॅरिनेटचा माउथपीस: आठ महिन्यांनंतर

लेक अकरा वर्षांची. क्लॅरिनेट शिकायला लागून दीड वर्ष झालं, त्यातले शेवटचे आठ महिने यामाहा ४सी या माउथपीसवर, म्हणजे वाद्याच्या वरच्या, तोंडात धरायच्या तुकड्यावर. आधीचे दहा महिने वाद्याच्या पेटीत जो बिननावाचा माउथपीस आला होता, त्यावर गेले. त्या काळात घरात रोज एक वाक्य ठरलेलं असायचं, "आई, परत चिरकलं." आणि माझंही उत्तर ठरलेलं, "रियाज वाढव." त्या उत्तराची आता जरा लाज वाटते.

खालचे सूर तिचे बरे लागायचे. मधल्या 'ए' या सुरावरून 'बी'वर जाताना मात्र हमखास किंचाळी. 'ए'ला एकच बोट लागतं, 'बी'ला जवळपास सगळी भोकं झाकावी लागतात. शिवाय बासरीत सूर उडी मारतो तो सप्तकभर वर, क्लॅरिनेटमध्ये मागची अंगठ्याची कळ दाबली की तो थेट बाराव्या स्वरावर जातो. ही जागा सगळ्यांनाच छळते, त्यामुळे दोष बोटांचाच असं आम्ही धरून चाललो होतो.

एक दिवस सरांनी तिच्याकडून वाद्य घेतलं, नुसता माउथपीस सुटा केला, त्याला कोरी रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी, बांधली, खालचं भोक तळहाताने बंद करून आतली हवा ओढून घेतली आणि तोंड बाजूला केलं. रीड नीट बसत असेल तर ती एक-दोन सेकंद चिकटून राहते आणि मग 'टप्प' करून सुटते. आमच्याकडे टप्प नाही की काही नाही. मग त्यांनी रीड सोडली आणि जिथे ती टेकते तो सपाट भाग काचेवर पालथा ठेवला. बोट लावलं की माउथपीस डुगडुगत होता.

तो मुळातच तसा होता की माझ्या हातून झाला, देव जाणे. कारण पहिले काही महिने मी तो चांगला कढत पाण्यात धुवायचे, पोरीच्या तोंडात जाणारी वस्तू म्हणून. तो एबोनाइटचा होता, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. गरम पाण्याने त्याचा काळा रंग हिरवट-तपकिरी होतो, गंधकाचा वास सुटतो आणि आकारही बिघडू शकतो. वास मला आला होता. मला वाटलं, नवीन आहे, जाईल हळूहळू.

नवा घ्यायचा ठरल्यावर मी आधी जे करायला नको तेच केलं, म्हणजे मोठे वादक काय वापरतात ते वाचत बसले. सरांनी ते सगळं बाजूला ठेवायला सांगितलं आणि फक्त एक आकडा बघायला सांगितला: टोकाची फट. रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यातलं हे अंतर. ४सीमध्ये ते १.०५ मिलिमीटर आहे, व्हँडोरेन कंपनीच्या ५आरव्ही लायरमध्ये साधारण १.०९, आणि त्यांच्याच बी४५मध्ये १.१९५. कागदावर फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याचा. ओठांना तो केवढा वाटतो हे आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं, कारण सरांनी हे तिन्ही तिला वाजवायला दिले.

बी४५वर तिचा चेहरा उजळला. आवाज भरदार, गोल, खोलीभर. "हाच!" म्हणाली. सर काही बोलले नाहीत, वाजव म्हणाले. पंधरा मिनिटांनी ओठांच्या कोपऱ्यांतून फुस्स फुस्स हवा निसटायला लागली आणि विसाव्या मिनिटाला ती रीड चक्क चावत होती. फट मोठी असली की रीडला जास्त वाकावं लागतं, आणि तिला आवरायला ओठांचे स्नायू तयार लागतात. अकरा वर्षांच्या मुलीकडे ते नसतात, मग ती जबड्याने काम भागवते. माउथपीस उत्तमच आहे, मोठ्या तोंडांचा आहे एवढंच. दुकानात दहा मिनिटं वाजवून निवड करणाऱ्यांना म्हणूनच सांगावंसं वाटतं की तिथे किमान अर्धा तास काढा. पहिली दहा मिनिटं सगळेच माउथपीस गोड असतात.

५आरव्ही लायर आणि ४सी यांत मी एक छोटी परीक्षा घेतली. मी शेजारच्या खोलीत, दार बंद, तिने तेच आरोह-अवरोह दोन्हींवर आलटून पालटून वाजवायचे आणि मी ओळखायचं. मला शष्प ओळखता आलं नाही. तिला मात्र फरक जाणवत होता. लायर 'मऊ' वाटतो म्हणाली. पण तो एबोनाइटचा, आणि माझी एबोनाइटची कीर्ती वर आलीच आहे. शिवाय ही पोरगी वस्तू पाडते. प्लॅस्टिकचा ४सी घेतला.

लगेच चमत्कार झाला असं नाही. चिरकणं पहिल्या आठवड्यात निम्म्यावर आलं आणि तिथेच अडकलं. उरलेलं निम्मं कागदाच्या कपट्याने सुटलं. पातळ कागद रीड आणि माउथपीसच्या मध्ये वरून सरकवत न्यायचा. जिथे अडतो, तिथून रीड मोकळी थरथरते. टोकापासून तिथपर्यंत माउथपीसला उतार असतो, ४सीमध्ये तो १९ मिलिमीटरचा आहे. खालचा ओठ साधारण तिथे यायला हवा. आमच्या बाईसाहेब जेमतेम टोक तोंडात धरून वाजवत होत्या! जुन्या माउथपीसवर जास्त आत घेतलं की किंचाळायचा, म्हणून घाबरून लागलेली सवय. सरांनी योग्य जागी पेन्सिलने बारीक रेघ मारून दिली. मग 'ए'वरून 'बी' जायला लागला, आधी दहात सात वेळा, महिन्याभराने दहात नऊ.

म्हणजे श्रेय माउथपीसचं की पेन्सिलीचं? तीन महिन्यांनी मी जुना परत लावून बघायला लावला. नव्या सवयीनेही तो चिरकलाच. तेव्हा दोघांचंही म्हणू.

रीडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आमचे दोन महिने वाया गेले. नव्या माउथपीसवर आम्ही जुनीच २ नंबरची रीड चालू ठेवली (नंबर जितका मोठा, रीड तितकी कडक). सुरुवातीला ते बरोबरच होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पण दमसास वाढला तसं नवीनच दुखणं सुरू झालं. ती जोरात फुंकायला गेली की आवाज मोठा व्हायच्या ऐवजी गळा आवळल्यासारखा बंद व्हायचा. मी ४सीला नावं ठेवायला लागले. खरं कारण असं की फट लहान आणि रीड नरम, त्यामुळे जोराच्या फुंकरीने रीड टोकाला जाऊन चिकटत होती. लहान फटीला जरा कडक रीड लागते, मोठ्या फटीला नरम. अडीच नंबर लावला आणि दुखणं थांबलं, फक्त पहिला आठवडा आवाजात फुसफुस होती. एका कंपनीचा अडीच म्हणजे दुसऱ्या कंपनीचा अडीच नव्हे, हेही लक्षात ठेवा. आता चार रीडांच्या पाठीवर पेन्सिलने आकडे घातलेत, रोज पुढची.

दर रविवारी एक खेळ चालतो. फक्त माउथपीस आणि बॅरल (त्याच्या खालची आखूड नळी) जोडून फुंकायचं आणि फोनवरच्या ट्यूनरमध्ये बघायचं. बी फ्लॅट, म्हणजे नेहमीच्या क्लॅरिनेटमध्ये एवढ्यातून एफ शार्पच्या आसपासचा सूर यायला हवा. जुन्यावर ती चावायची, त्यामुळे काटा 'जी'कडे चढलेला असायचा. आता तो एफ शार्पवर बसतो, दमल्यावर थोडा खाली उतरतो. रडारड झालेल्या दिवशी तो कुठे जातो हे मी लिहीत नाही.

कुरबुरी दोन. माउथपीसच्या चोचीवर, म्हणजे वरच्या उतरत्या बाजूवर, वरचे दात टेकतात आणि ती थरथर सरळ कवटीत जाते. "डोक्यात मधमाशी फिरते," अशी तक्रार होती. ०.८ मिलिमीटरचा रबरी पॅच चिकटवला, मधमाशी गेली आणि दातांचे ओरखडेही वाचले. आठ महिन्यांत दोन पॅच झालेत, तिसऱ्याची कड सुटायला लागली आहे. दुसरं म्हणजे नवं असताना माउथपीसच्या खालच्या टोकाचा, बुचाचा थर असलेला भाग बॅरलमध्ये फारच घट्ट बसायचा. ही पिळून पिळून लावायची आणि हात सटकला की रीडचं टोक गेलंच. दोन रीडांचा बळी दिल्यावर क्रम बदलला. आधी बुचाला ग्रीस लावून माउथपीस बसवायचा, रीड सगळ्यात शेवटी, आणि तिच्या टोकामागे माउथपीसची केसाएवढी काळी रेघ दिसेल अशी.

धुणं आता साध्या पाण्याने, आठवड्यातून एकदा, तेही मी नाही, ती करते. आतून मऊ फडकं फिरवायचं. एकदा खाली पडला, पण टोपण लावलेलं होतं म्हणून टोकाला काही झालं नाही.

४सीवर मोठ्या आवाजाला मर्यादा आहे आणि ती आता तिला कळायला लागली आहे. एकत्र वाजवताना मागच्या रांगेतल्या मोठ्या मुलांपुढे आपण ऐकू येत नाही, अशी खंत असते. तीन नंबरची रीड अर्धा तास न दमता वाजवता आली की लायर पुन्हा आणून बघू, असं सरांनी कबूल केलंय. गेल्या आठवड्यात तिने मोठ्या मुलाचा बी४५ मागून घेतला, पाच मिनिटं वाजवला, मजेत हसली आणि फडक्याने पुसून परत दिला.