२२०० लिहिलेली बॅटरी १५०० ची निघाली: शाळेच्या विमानापायी झालेली फसवणूक

मी वाळवा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या २३ मुलांनी रिमोटवर उडणारं विमान बनवायचं मनावर घेतलं. बेत साधा होता. डेप्रॉनचे, म्हणजे हलक्या फोमच्या शीटचे पंख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मीटर. २२१२ जातीची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, दहा इंची प्रोपेलर, विमान वळवणाऱ्या ९ ग्रॅमच्या दोन छोट्या मोटरी, म्हणजे सर्वो. रिमोट माझ्याकडे जुना पडून होता. बाकीच्या सामानासाठी मुलांनी प्रत्येकी ६० रुपये काढले, ते १३८० झाले. वरचे मी घातले.

सामान एका ओळखीच्याच्या ओळखीतून मिळालं. विकणारा फोनवर फार आदराने बोलायचा. "सर, शाळेसाठी आहे म्हणून सगळा सेट ३२०० ला देतो. बॅटरी बाहेर दीड हजाराच्या खाली मिळणार नाही, तुम्हाला ९५० लावली." मी पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, बिल हवं असेल तर जीएसटी वर पडेल. मुलांचे पैसे वाचतील म्हणून मी बिलाचा आग्रह सोडला. पुढे सगळ्यात जास्त नडलं ते हेच. आज माझ्या हातात यूपीआयची पावती आहे, पण त्या पैशांत काय विकलं हे सांगणारा कागद नाही.

बॅटरी दिसायला कोरी करकरीत होती. चकचकीत निळं वेष्टन, त्यावर थ्री एस (म्हणजे आत एकामागोमाग जोडलेले तीन सेल), ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच (म्हणजे वीज साठवायची क्षमता), ३० सी (म्हणजे किती जोराने वीज देऊ शकते ते). पिवळा एक्सटी-६० कनेक्टरही नवा. बनवल्याची तारीख मात्र कुठेच नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पहिली खूण विमानानेच दिली होती. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर दोन बोटं टेकवून विमान तोलून धरायचं, ते सपाट राहायला हवं. आमचं शेपटीकडे कलत होतं. आराखड्यात सगळं नीट मांडलेलं, मुलांनी मोजमापही चोख केलेलं, तरी नाक वर. शेवटी आम्ही बॅटरीच्या खणातच पाच रुपयांची जुनी, जाड नाणी चिकटवली. पाच नाणी लावल्यावर तोल साधला. मुलं खूश झाली, मीही झालो.

ते जुनं नाणं ९ ग्रॅमचं असतं, म्हणजे पाच नाणी ४५ ग्रॅम. या मापाची खरी बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास भरते. आमची मी नंतर प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली, ती १३४ भरली. जेवढं वजन बॅटरीत कमी होतं, जवळजवळ तेवढीच नाणी आम्ही तिच्या शेजारी चिकटवली होती. वजन आधी केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. अशा लिपोमध्ये, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीत, साठवण ही आतल्या मालाच्या वजनावर ठरते. वेष्टनावर काहीही छापता येतं, काट्याला फसवता येत नाही.

दुसरी खूण चार्जरवर दिसली. बॅटरी आली तेव्हा साधारण निम्मी भरलेली होती, दोन सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणि तिसरा ३.७१. नव्या बॅटरीचे सेल इतके मागेपुढे नसतात. पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे प्रत्येक सेल ४.२ ला पोचेपर्यंत, चार्जरने फक्त ६९० एमएएच घातल्याचं दाखवलं. २२०० च्या बॅटरीत हजार-अकराशे तरी जायला हवे होते. मी आकडा वहीत लिहिला आणि पुढे गेलो. मुलं मैदानावर निघाली होती.

विमान उडालं. हरभरा काढलेल्या रानावर ते पहिल्यांदा वर गेलं तेव्हाचा आरडाओरडा मी विसरणार नाही. त्या मोटरला पूर्ण ताकदीवर साधारण १५ अँपिअर लागतात, म्हणजे २२०० ची बॅटरी अखंड पूर्ण ताकदीवरही आठ मिनिटं पुरावी. मी पाच मिनिटांचा गजर लावला होता. दोन मिनिटं व्हायच्या आत प्रोपेलर थांबला. सर्वो चालू होते म्हणून तरंगत ढेकळांत उतरवता आलं, पंखाला चीर गेली तेवढीच.

स्पीड कंट्रोलर तिन्ही सेलची बेरीज बघतो, एकेक सेल नाही. बेरीज ९ व्होल्टच्या आसपास आली की तो मोटर बंद करतो. दोन सेल धडधाकट आणि एक मेलेला असेल तर दोघे ३.४ वर आणि तिसरा २.२ वर असतानाही बेरीज ९ च येते. ३ व्होल्टच्या खाली गेलेला लिपो सेल आतून बिघडलेला असतो. शाळेत येऊन मोजलं तर तो तिसरा सेल २.७१ दाखवत होता. त्याच वेळी बॅटरी बाद करायला हवी होती. मी ती परत चार्जिंगला लावली. ही चूक माझी आहे आणि ती मी मुलांपुढे कबूल केली आहे.

आता फसवणुकीचा सगळ्यात घातक भाग सांगतो. लिपो जपून चार्ज करायचा नियम म्हणजे जेवढी क्षमता तेवढाच करंट. २२०० ला २.२ अँपिअर. मी तोच लावला होता. पण आत माल १५०० चा होता, तोही जुना. म्हणजे नियम पाळत असतानाच मी त्या थकलेल्या सेलमध्ये जवळजवळ दीडपट करंट ढकलत होतो. लेबल खोटं असलं की सुरक्षेचा नियमच उलटा फिरतो, आणि जपून वागणारा माणूसही वाचत नाही.

चार्जर व्हरांड्यात शहाबादी फरशीवर ठेवला होता, शेजारी वाळूची बादली, आणि चार्जिंग चालू असताना कुणीतरी तिथं बसायचंच असा आमचा नियम. वीसेक मिनिटांनी आठवीतली मुलगी ओरडली, "सर, मधनं फुगलीया बगा!" मी पळत जाऊन प्लग काढला, मुलांना मैदानाकडे पिटाळलं, काठीने बॅटरी पायरीखाली मातीत ढकलली आणि वाळू ओतली. मिनिटभरात पांढऱ्या धुराचा लोट आला. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो छातीत जाणं वाईट. ही बॅटरी एखाद्या पोराने घरी नेऊन गादीवर ठेवून चार्ज केली असती तर, या विचाराने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर बघितलं. निळं वेष्टन आक्रसून फाटलं होतं आणि त्याच्याखाली आणखी एक वेष्टन होतं, जुनं, काळं. त्यावर १५०० एमएएच स्पष्ट वाचता येत होतं. कुणाच्या तरी वापरून टाकलेल्या बॅटरीला नवा अंगरखा आणि नवा कनेक्टर लावून ती मुलांच्या हातात दिली होती.

फोन केला. "सर, तुम्ही ओव्हरचार्ज केली. टेस्टिंग वॉरंटी मोटरला असते, बॅटरीला नसते." मी काळ्या वेष्टनाचा फोटो पाठवला. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पैशांच्या व्यवहारासाठी सायबर फसवणुकीच्या १९३० वरही कळवलं आहे. तुमच्या बाबतीत असं झालं तर १९३० ला त्याच दिवशी फोन करा. मी चार दिवस घालवले. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, बॅटरी काट्यावर ठेवूनच काढा, आणि बिलावर क्षमता लिहून घ्या. वजनाचा फोटो आधी मागितला आणि विकणारा टाळाटाळ करू लागला, तर तिथेच थांबा. फुगलेली बॅटरी, कितीही थोडी फुगलेली असली, तरी चार्जरला लावू नका.

मुलांचे १३८० मी परत केले. ते त्यांनी तसेच नव्या बॅटरीसाठी पुढे केले, मी नको म्हणत असताना. या वेळी सांगलीतल्या दुकानात स्वतः गेलो, पक्कं बिल घेतलं. बॅटरी आली तशी त्याच मुलीने ती काट्यावर ठेवली. १८३ ग्रॅम. तिने मार्करने तो आकडा आणि तारीख वेष्टनावर लिहिली, मग विमानाच्या नाकातली पाच नाणी एकेक करून सोडवून माझ्या टेबलावर ठेवली.