सासऱ्यांच्या सहा कॅसेटी

गेल्या जुलैत माझे एकशे नव्वद डॉलर गेले आणि त्यांच्याबरोबर माझ्या सासऱ्यांच्या हातच्या सहा व्हिडिओ कॅसेटी गेल्या. नुसते पैसे गेले असते तर मी हे लिहायला बसले नसते. जुन्या मालिका, जुनी नाटकं, घरातली जुनी रेकॉर्डिंगं जपणारे आपल्यात पुष्कळ जण आहेत. माझ्याशी ज्या गोड आवाजात तो फसवणारा विक्रेता बोलला, त्याच आवाजात तो उद्या तुमच्याशीही बोलेल, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आम्ही मेलबर्नला राहतो. मी लग्नानंतर इथे आले, नवरा मात्र १९८२ साली, सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर आला. सासरे मूळचे औरंगाबादचे, इथे डँडेनाँगच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. त्या काळात एबीसी या इथल्या सरकारी वाहिनीवर संध्याकाळी 'मंकी' नावाची जपानी मालिका लागायची. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, डोळे लकाकतात. जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने ती १९७८ ते १९८० मध्ये 'साईयुकी' या नावाने केली, दोन पर्वं, एकूण ५२ भाग. बीबीसीने १९७९ पासून ती इंग्रजी डबिंग करून दाखवली आणि तिथून ती इकडे आली. इंग्रजी संवाद डेव्हिड वेअर यांनी लिहिले होते, निवेदन बर्ट क्वूक यांचं.

गोष्ट चिनी आहे, 'पश्चिमेचा प्रवास'. एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतो आणि त्याच्यासोबत एक बंडखोर माकड, एक वराह आणि एक जलराक्षस. माकड ढगावर बसून उडतं, त्याची काठी हवी तेवढी लहान करून कानात ठेवता येते, आणि ते फारच माजलं की भिक्षू मंत्र म्हणतो, मग डोक्यावरचा पट्टा आवळत जातो. भिक्षूचं नाव त्रिपिटक आणि त्याची भूमिका मासाको नात्सुमे या अभिनेत्रीने केली. पुढे १९८५ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. माझा नवरा अजूनही तिचं नाव हळू आवाजात घेतो.

सासऱ्यांना ही मालिका का आवडायची, ते वेगळंच होतं. तो भिक्षू म्हणजे आपण शाळेच्या इतिहासात वाचलेला ह्युएनत्संग, हल्लीच्या पुस्तकांत युआन श्वांग. सातव्या शतकात तो खरोखर महाराष्ट्रात आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. त्याने इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलंय, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, असं. त्याने वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सासऱ्यांचं बालपण त्या डोंगरांच्या जवळ गेलेलं. परक्या देशात, परक्या भाषेत, टीव्हीवर हा भिक्षू दिसला की ते मुलाला सांगायचे, "बघ, हा चालत चालत आपल्या गावापर्यंत आला होता." सासूबाई म्हणायच्या, "आणि तो माकडोबा म्हणजे आपला मारुतीच." नवऱ्याला मारुतीच्या गोष्टी अशा उलट्या वाटेने कळल्या.

सासऱ्यांनी जुना व्हीसीआर विकत घेऊन ती मालिका रेकॉर्ड केली. तीन तासांच्या टेपवर चार भाग मावायचे. अशा सहा कॅसेटी भरल्या, म्हणजे चोवीस भाग. प्रत्येकीवर निळ्या शाईत, देवनागरीत चिठ्ठी: 'माकड १', 'माकड २', आणि खाली 'पुसू नये'. शिवाय कॅसेटच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाकलेली, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा वर दुसरं काही रेकॉर्ड करू शकणार नाही. २०१९ साली सासरे गेले. कॅसेटी कपाटात वरच्या फळीवर, चादरींच्या मागे होत्या.

नवऱ्याच्या वाढदिवसाला मालिकेचा संपूर्ण संच द्यायचं मी ठरवलं. इथे जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात एक जाहिरात दिसली. मूळ बॉक्स सेट, सर्व ५२ भाग, 'सगळे १९७९ चे बीबीसी डबिंग', दोनशे चाळीस डॉलर. फोटो सुरेख होते.

'सगळे १९७९ चे बीबीसी डबिंग' हे वाक्य मी तेव्हा पुन्हा एकदा वाचायला हवं होतं. बीबीसीने ५२ पैकी ३९ भागच डब केले होते. उरलेले १३ इंग्रजीत आले ते २००४ साली, घरच्या व्हिडिओसाठी, फॅब्युलस फिल्म्स या ब्रिटिश कंपनीने जुन्याच आवाजांना परत बोलावून करून घेतलं तेव्हा. म्हणजे 'सगळे ५२ बीबीसीचे' असा संच जगात असूच शकत नाही. ज्याच्याकडे खरा संच आहे त्याला हे माहीत असतं, मला नव्हतं. तुम्ही कोणतीही जुनी डब केलेली मालिका घेत असाल तर आधी एवढं नक्की शोधा: मूळ भाग किती, डब किती झाले, कुणी आणि कधी. मग विकणाऱ्याला नेमका मधला एखादा भाग विचारा. खरा संग्राहक तासभर बोलेल.

हा माणूसही बोलला, पण दुसऱ्याच गोष्टींवर. त्याने मला विचारलं, तुम्हाला ही मालिका का हवी आहे? मी सासऱ्यांचं सांगितलं, कॅसेटींचं सांगितलं. त्याच्या आवाजातली उत्सुकता मला आत्ता स्पष्ट ऐकू येते. चिठ्ठीचा फोटो पाठवाल का? भागांच्या मध्ये जाहिराती, बातम्यांची झलक असं काही आहे का? एबीसीवर जाहिराती नसतात, पण पुढच्या कार्यक्रमांच्या घोषणा, वाहिनीचं बोधचिन्ह, निवेदिकेचा आवाज हे सगळं त्या टेपांवर होतं. प्रक्षेपण चालू असताना घरात केलेल्या अशा रेकॉर्डिंगला संग्राहकांमध्ये मोठी मागणी असते, कारण डीव्हीडीत हे काही येत नाही. मला हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र आपल्या सासऱ्यांच्या छंदाची कुणाला तरी कदर आहे, या आनंदात मी सगळे फोटो पाठवले.

मग तो म्हणाला, टेपांचं आयुष्य संपत आलंय. हे खोटं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही ते बहुतेक कायमचं जाईल. नवा व्हीसीआर बाजारात मिळत नाही, जगातल्या शेवटच्या उत्पादकाने २०१६ साली ते बनवणं थांबवलं. आमचा व्हीसीआर तर कधीच बंद पडला होता आणि एका कॅसेटच्या आत पांढरी बुरशी दिसत होती. त्याने खऱ्या माहितीची भीती घातली आणि लगेच उपाय पुढे केला: माझ्याकडे चांगली यंत्रं आहेत, सहाही टेपा पाठवा, साफ करून डिजिटल करून देतो, फुकट. आणि बॉक्स सेटचे पैसे त्या बाजाराच्या वेबसाइटवरून न देता थेट खात्यात टाकलेत तर एकशे नव्वद घेईन, कमिशन वाचेल.

पैसे टाकताना पे-आयडीवर, म्हणजे फोन नंबर किंवा ईमेलवरून थेट खात्यात पैसे पाठवायच्या इथल्या सोयीत, वेगळंच नाव दिसलं. मी विचारलं तर म्हणाला, धंद्यातला भागीदार आहे. मी 'पुढे' दाबलं. पार्सलचा पत्ता घराचा नव्हता, पार्सल लॉकरचा होता. तेही मला खटकलं, तेही मी सोडून दिलं आणि सहाही कॅसेटी पाठवून दिल्या. नवऱ्याला अचंबित करायचं होतं म्हणून घरात कुणालाच बोलले नाही. सासूबाईंना जरी विचारलं असतं तरी त्यांनी कॅसेटी घराबाहेर जाऊ दिल्या नसत्या. लग्नातला शालू ड्रायक्लीनिंगला द्यायचा तर त्या पावती दोनदा वाचतात.

आठ दिवसांनी डीव्हीडी आल्या. डबा हातात घेताच कळलं. कव्हरची छपाई घरच्या प्रिंटरची, अक्षरांच्या कडा फुटलेल्या. इथे अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या डीव्हीडीवर सरकारी वर्गीकरणाची रंगीत खूण असते, ब्रिटनच्या आवृत्तीवर तिथल्या मंडळाची. या डब्यावर कुठलीच नव्हती. डिस्क उलटी केली तर खालची बाजू जांभळट. कारखान्यात दाबून काढलेली डिस्क खालून चंदेरी असते, घरी जाळलेल्या म्हणजे बर्न केलेल्या डिस्कला जांभळी-निळी झाक येते. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावरही बघा. कारखान्याच्या डिस्कवर तिथे त्या विशिष्ट शीर्षकाचा क्रमांक कोरलेला असतो, यावर फक्त कोऱ्या डिस्कच्या उत्पादकाचा सांकेतिक आकडा होता. रीजनचं कुलूपही नव्हतं, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालावी म्हणून घातलेलं बंधन. ऑस्ट्रेलियाचा रीजन ४, ब्रिटन आणि जपानचा २, आपल्या भारताचा ५. काही अस्सल डिस्कही सगळीकडे चालतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावू नका, पण बाकीच्या खुणांबरोबर हीही धरा.

मुलाने आणि मी दोन रात्री बसून सगळे भाग मोजले. बावन्नपैकी चौतीस वेगळे निघाले. उरलेले अठरा म्हणजे तेच भाग, नावं बदलून पुन्हा टाकलेले. २००४ मध्ये डब झालेल्या १३ पैकी एकही नाही. काहींच्या कोपऱ्यात कुठल्यातरी वाहिनीचं बोधचिन्ह, काहींत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

मी त्याला लिहिलं. पहिलं उत्तर आलं की जुन्या मालिका अशाच दिसतात. दुसऱ्या निरोपात मी पैशांचा विषय सोडून दिला, फक्त कॅसेटी परत मागितल्या, पोस्टाचा खर्च मी देते म्हणाले. तो वाचल्याची खूण दिसली. संध्याकाळपर्यंत त्याचं खातं नाहीसं झालं होतं.

जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर तो एका ब्रिटिश विक्रेत्याच्या कित्येक वर्षं जुन्या जाहिरातीतला निघाला. हे करायला मला पाच मिनिटं लागली. हीच पाच मिनिटं आधी काढली असती तर? रोज वाटतं.

बँकेने सांगितलं की हस्तांतरण तुम्ही स्वतः केलंय, खातं रिकामं झालंय, आम्हाला परत आणता येणार नाही. बाजाराच्या वेबसाइटने सांगितलं की व्यवहार आमच्याबाहेर झाला, खरेदीदाराचं संरक्षण लागू नाही. पन्नास डॉलरची सूट वाटत होती ती प्रत्यक्षात त्या संरक्षणाची किंमत होती. कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे निदान चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. मी स्कॅमवॉच या फसवणुकीची नोंद घेणाऱ्या इथल्या सरकारी सेवेला कळवलं, सरकारच्या रिपोर्टसायबर या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, क्रमांक मिळाला. तुम्ही भारतात असाल तर पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते, मी मात्र दहाव्या दिवशी जागी झाले.

नवऱ्याला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. तो रागावला नाही. कपाटाच्या त्या फळीपाशी जाऊन चादरी नीट घडी करून ठेवत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चौथ्या टेपेत शेवटी बाबांचा आवाज आहे." मला माहीत नव्हतं. व्हीसीआर बंद करायच्या आधी त्यांनी एकदा कॅमेरा जोडून पाहिला होता, म्हणे. अर्धा मिनिट, दिवाणखान्याची भिंत दिसते आणि ते विचारतात, "लागलं का रे?"

टेपा डिजिटल करायच्या असतील तर ज्याचं दुकान तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय अशाकडे स्वतः घेऊन जा, एका वेळी एकच द्या, पावतीवर कॅसेटची संख्या आणि खूण लिहून घ्या. ती हातात परत आली की मग दुसरी. शक्य असेल तर शेजारी बसून करून घ्या. आणि ज्याला तुमच्या वस्तूत तुमच्यापेक्षा जास्त रस दिसेल, त्याला फोटो पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा.

मी त्या माणसाला पाठवलेले फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. काळ्या कॅसेटी, कडेची पट्टी मोडलेली, पांढरी चिठ्ठी, निळी शाई. 'माकड ४', खाली 'पुसू नये', आणि 'ड'चं पोट जरा मोठं. अशा देवनागरी चिठ्ठीची कॅसेट कुठल्या संग्राहकाकडे, लिलावात, ऑनलाइन विक्रीत दिसली तर कृपा करून मला कळवा. जी किंमत मागतील ती देईन.