आडोशाचे कुंपण आणि फाटक : डब्ल्यूपीसी फळ्यांचा दोन वर्षांचा अनुभव

मागच्या अंगणातील बसण्याच्या जागेला आडोसा हवा म्हणून सहा फूट उंचीचे छोटे कुंपण आणि त्यातच एक फाटक करून घेतले, त्याला आता दोन वर्षे होत आली आहेत. फळ्यांसाठी सागवान, बांबू आणि डब्ल्यूपीसी (वुड प्लास्टिक कॉम्पोझिट) असे तीन पर्याय समोर होते. बांबू देखणा असला तरी त्यातील स्टार्चमुळे त्याला भुंगा लागतो आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेला बांबूही मातीला टेकला की कुजतो, म्हणून तो सोडला. सागवान आजही मला सर्वांत आवडते, पण त्याला वेळोवेळी तेल देण्याची तयारी नव्हती.

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणातून बनलेली डब्ल्यूपीसी फळी वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि तिला रंगही द्यावा लागत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत रंग थोडा फिका झाला, पुढे मात्र तो स्थिरावला. सावलीच्या बाजूला ओलाव्यामुळे काळसर बुरशीचे ठिपके आले, कारण भुशात पाणी मुरते. वरून प्लास्टिकचे आवरण असलेली फळी घेतली असती तर हा त्रास कमी झाला असता.

या फळीचा खरा स्वभाव उन्हात कळतो. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, तर डब्ल्यूपीसी उष्णतेने लांबीत वाढते, आणि तापमान 30 अंशांनी चढले की सहा फुटी फळी दोन-तीन मिलिमीटर लांब होते. पहिल्या वेळी मी फळ्या दोन्ही टोकांना घट्ट बसवून घेतल्या आणि दुपारपर्यंत त्या धनुष्यासारख्या वाकल्या. नंतर प्रत्येक टोकाला पाच मिलिमीटर जागा सोडून त्या पुन्हा बसवल्या, तेव्हापासून त्या सरळ आहेत. गडद रंगाची फळी अधिक तापते, त्यामुळे फिकट रंग घ्यावा.

तरीही माझे ठाम मत असे की, कुंपणाचे आयुष्य फळ्यांपेक्षा खांबांवर ठरते. सलग बंद कुंपण वाऱ्याला शिडासारखे अडवते आणि तो सगळा जोर खांबांच्या बुंध्याशी येतो, म्हणून नऊ फुटांचे खांब घेऊन त्यातील तीन फूट काँक्रीटमध्ये गाडले. खांब जस्ताचा लेप दिलेल्या चौकोनी पाइपाचे आहेत; वरची तोंडे टोप्यांनी बंद केली असून, काँक्रीटचा माथा पाणी वाहून जाईल असा उतरता ठेवला आहे. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, तेथे जस्तयुक्त रंग लावून घेण्यास विसरू नये, कारण गंज नेमका तेथूनच सुरू होतो.

फाटकाची चौकट मात्र डब्ल्यूपीसीची कधीही करू नये. ही फळी जड असते आणि भार पेलण्यासाठी ती बनवलेलीच नसते. माझ्या फाटकाला लोखंडी पाइपाची वेल्ड केलेली चौकट आहे आणि फळ्या केवळ तिच्यावर बसवल्या आहेत. चौकट लाकडी असेल तर तिरका आधार खालच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जायला हवा, म्हणजे फाटकाचा भार त्या आधारातून खालच्या बिजागरीकडे उतरतो; तो उलट बसवला तर सांधे उघडतात आणि फाटक लवकरच जमिनीला घासू लागते. माझे फाटक अजून एका बोटाने ढकलले तरी उघडते आणि कडी पहिल्या दिवसासारखीच अचूक बसते.