जेनवेचे दोन निर्णय: अ‍ॅरे आणि टूविक्स

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळ-मालिकेतल्या जहाजाच्या कॅप्टन कॅथरिन जेनवेवर या दोन निर्णयांवरून कायम टीका होते. मला मात्र दोन्ही एकाच तराजूत तोलणं पटत नाही.

पहिला निर्णय १९९५ मधल्या पहिल्याच भागातला. केअरटेकर नावाच्या परग्रहवासीयाच्या अ‍ॅरेने, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड स्थानकाने, तिचं जहाज घरापासून फार दूर ओढून आणलं होतं. घरी परतायचं एकमेव साधन असलेला तोच अ‍ॅरे तिने उडवून दिला. तो काझॉन या लढाऊ टोळ्यांच्या हाती पडला असता, तर जवळच्या ग्रहावरच्या दुबळ्या ओकांपा लोकांचं काही खरं नव्हतं. किंमत जबर होती : ७०,००० प्रकाशवर्षं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वाट. 'स्फोटकांना टायमर लावून निघायचं ना!' असं म्हणणारे विसरतात की परतीची यंत्रणा सुरू व्हायलाच काही तास लागणार होते आणि बाहेर लढाई पेटली होती. शिवाय त्या शिक्षेत ती स्वतःही होतीच.

टूविक्सचं तसं नाही. १९९६ च्या या भागात ट्रान्सपोर्टरच्या (माणसांना क्षणात एका जागेवरून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्राच्या) अपघातात जहाजावरचे टूव्हॉक आणि नीलिक्स मिसळून टूविक्स हा एक नवाच माणूस तयार होतो. तो काम करतो, स्वयंपाक करतो, लोकांना आवडू लागतो. मग दोघांना वेगळं करायचा उपाय सापडतो आणि टूविक्स म्हणतो, मला जगायचंय. ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात, तो एकेकाच्या तोंडाकडे बघतो, कोणी हूं की चूं करत नाही. डॉक्टरही हात लावायला नकार देतो. मग जेनवे स्वतः ती प्रक्रिया पार पाडते. दोन मित्र परत आले हे खरं, पण 'नको' म्हणणाऱ्याचा जीव घेऊन. अ‍ॅरेसाठी मी तिच्या बाजूने कुणाशीही भांडेन, इथे नाही. सिकबेमधून (जहाजावरच्या दवाखान्यातून) बाहेर पडतानाचा तिचा चेहरा तेवढा विसरता येत नाही.