फिनाईलच्या बाटलीला टोपण कोणतं: दाबून फिरवायचं की चिमटून?

कुपवाडच्या एमआयडीसीत फिनाईल किंवा टॉयलेटचं ॲसिड भरणाऱ्यानं लहान मुलाला न उघडणारं टोपण लावायचं ठरवलं, की बहुतेक वेळा निवड या दोहोंतच होते.

दाबून फिरवायच्या टोपणात दोन तुकडे असतात. आतला बाटलीच्या आट्यांवर बसतो, बाहेरचा त्याच्यावर सैल असतो. उघडायला नुसतं फिरवलं तर बाहेरचा कटकट वाजत मोकळाच फिरतो. तळव्यानं दाबलं की दोघांचे दाते एकमेकांत अडकतात आणि टोपण सुटतं. कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रोल्ट यांनी १९६७ च्या सुमारास याच धर्तीचं टोपण पुढे आणलं, कारण घरातली औषधं खाल्लेली पोरं त्यांच्याकडे येतच होती.

चिमटून फिरवायचं टोपण एका तुकड्यात होतं, म्हणजे मोल्ड एकच आणि जोडणीचा खर्च नाही. त्याची कड दोन ठरावीक जागी दाबली की ती लंबगोल होते आणि बाटलीच्या मानेवरच्या खुंट्यांतून सुटते. पण या खुंट्या बाटलीवरच लागतात. आज वापरताय त्या बाटलीला त्या नसतील, तर टोपणात वाचलेले पैसे बाटलीच्या नव्या मोल्डमध्ये जातील. दाबायच्या टोपणाला बहुधा नेहमीचे आटे चालतात.

पैशांपेक्षा मला हाताची काळजी जास्त वाटते. मुलांना न उघडणाऱ्या टोपणांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ ८३१७. त्याच्या चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांपुढे बंद बाटली ठेवतात. पहिल्या पाच मिनिटांत निदान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मग उघडून दाखवतात, आणि आणखी पाच मिनिटांनीही ८० टक्के मुलं अडलेली हवीत. म्हणजे काही मुलं उघडणारच, हे त्यात धरलेलंच आहे. त्याच चाचणीत ५० ते ७० वर्षांच्या ९० टक्के माणसांना ती उघडून नीट लावताही आली पाहिजे. आमच्याकडे फरशी पुसायला फिनाईल काढणारी बहुतेक आजीच असते. बोटं आखडलेल्या आजीला चिमटा जमत नाही, त्यात हात ओले. तळव्यानं दाबणं तिला त्यामानानं सोपं जातं. एकदा जड गेलं की ती टोपण नुसतं टेकवून ठेवते, आणि मग सगळी कारागिरी वाया.

म्हणून अर्धा किंवा एक लिटरच्या बाटलीला मी दाबायचं टोपणच घ्या म्हणेन. फक्त बाटली जाड घ्या, पातळ बाटली दाबताना चेपते. नवी बाटली करायचीच असेल आणि तोंड रुंद असेल, तरच चिमट्याचा विचार करा. दोन्हींत टोपण बाटलीसकट तपासून घ्या. एका बाटलीवर पास झालेलं टोपण दुसरीवर तसंच चालेल असं धरू नका.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरात वेगळंच दुखणं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पेस्टिंगचं (डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायचं) रसायन असो की फवारणीचं, त्याला आपण ‘औषध’च म्हणतो, आणि उरलेलं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओततो. तिथं यातलं कुठलंच टोपण कामाला येत नाही. मूळ डब्यातच ठेवा, कुलपात ठेवा.

मोल्डची ऑर्डर देण्याआधी दोन्ही नमुने आठवडाभर घरी वापरा. आईला ओल्या हातानं उघडायला सांगा आणि लावताना ती शेवटपर्यंत फिरवते का, ते बघा.