ड्राफ्टवाली टीम की ट्रेडवाली? फीनिक्स आणि ओक्लाहोमा, दोन्ही धरून पाहिल्यावर

माझा भाचा नाशिकला नववीत आहे, शाळेच्या टीममधून बास्केटबॉल खेळतो. परवा त्याने विचारलं, "मामा, एनबीएत (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये) कुठली टीम धरू?" क्रिकेटमध्ये हा प्रश्न कुणाला पडत नाही, तिथे आपलं गाव आधीच ठरवून ठेवतं. इथे आपल्या गावची टीमच नाही, म्हणून निवडायची वेळ येते. माझं मत असं की निवड उन्हाळ्यातच करावी. सीझन रंगात असताना सगळ्याच टीम बऱ्या वाटतात. जून-जुलैत, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची टीमनी पाळीपाळीने केलेली निवड) आणि ट्रेडच्या (टीममधल्या अदलाबदलीच्या) दिवसांत, कोण काय विकतंय आणि कोण काय साठवतंय ते समोर येतं. टीमचा स्वभाव तिथे कळतो.

ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक, पुढच्या वर्षांची पिकं, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या, देऊन तयार स्टार आणायचा. दुसरी, पिकं जमवायची, पोरं घडवायची आणि थांबायचं. पहिलीचं ठळक उदाहरण फीनिक्स सन्स, दुसरीचं ओक्लाहोमा सिटी थंडर. मी दोन्ही टीमचा चाहता राहिलोय, म्हणून या दोघांवरच बोलतो.

फीनिक्सकडे मी गेलो फेब्रुवारी २०२३ मध्ये, केव्हिन ड्युरंटमुळे. ब्रुकलिनला, म्हणजे ड्युरंटच्या आधीच्या टीमला, त्यांनी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीची चार पिकं दिली: २०२३, २०२५, २०२७, २०२९. वर २०२८ ला पिकांच्या अदलाबदलीचा हक्क. ही वर्षं एकाआड एक का, तर लागोपाठच्या दोन भावी वर्षांची पहिल्या फेरीची पिकं देऊन मोकळं होता येत नाही, असा लीगचा नियम आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिकं वाटत सुटल्यावर तो आला, आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. थोडक्यात, नियमात बसेल तेवढं जवळजवळ सगळं फीनिक्सने देऊन टाकलं.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. ड्युरंट आणि फीनिक्सचा स्टार डेव्हिन बुकर एका बाजूने खेळणार, यातच मी खूश होतो. जूनमध्ये ब्रॅडली बीलही आला. ट्रेडवाल्या टीमचं हे सुख खरं आहे, ते मी नाकारणार नाही. सकाळी फोन उघडावा आणि आपली टीम रात्रीत बदललेली असावी, ही मजा ड्राफ्टवाल्यांना क्वचित मिळते.

मग आला ड्राफ्ट. २३ जूनची पहाट, आपल्याकडे साडेपाच. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक, हातात चहा. व्हिक्टर वेम्बान्यामाचं नाव पहिलं येणार हे जगाला ठाऊक होतं. मी वाट पाहत होतो ती एकविसाव्या नावाची. ते पिक मुळात आमचं, पण घेत होतं ब्रुकलिन. नाव आलं, टोपी ब्रुकलिनची चढली, पुढचा मुलगा आला. पाहुण्यांची पंगत बसावी आणि आपल्या पानावर काहीच वाढू नये, तसं झालं. आमचं एकच पिक उरलं होतं, दुसऱ्या फेरीतलं बावन्नावं. ते आलं तेव्हा मी ऑफिसला पोहोचलो होतो.

बावन्न म्हटल्यावर माझे कान टवकारले. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने बावन्नावाच घेतला होता, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याला एनबीएत सामना काही मिळाला नाही. फीनिक्सच्या बावन्नाव्याचं नाव तुमानी कमारा. बेल्जियमचा, चार वर्षं कॉलेज खेळून आलेला. लास वेगासच्या समर लीगमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या उन्हाळी सामन्यांत, मी त्याच्याचसाठी जागलो. समोरच्याच्या अंगाला भिडून बचाव करायचा, सुटलेल्या चेंडूवर झेपावायचा. बुकर-ड्युरंट साऱ्या जगाचे होते. हा मला आपला वाटायला लागला, कारण त्याला मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. सकाळी आरतीच्या गडबडीत फोन पाहिला. डेमियन लिलार्डच्या तीन टीमच्या मोठ्या ट्रेडमध्ये फीनिक्सचा डिअँड्रे एटन पोर्टलंडला गेला होता, आणि त्याच्यासोबत कमाराही. बातमीत त्याचं नाव शेवटी. सीझनचा एकही सामना तो आमच्याकडून खेळला नव्हता.

माझं मन इथे फिरलं. व्यवहार चुकला असं मी म्हणत नाही, त्यात फीनिक्सला युसुफ नुर्किच आणि ग्रेसन ॲलन मिळाले आणि त्या घडीला त्यांना तेच हवं होतं. पण भविष्य देऊन बसलेल्या टीमकडे लहान नाणं फार थोडं उरतं, म्हणून हिशेब जुळवताना तेच आधी खर्च होतं. हारजीत मी सोसतो. पण कुणाशी ओळख व्हायच्या आत तो गेलेला असणं मला झेपलं नाही. कमारा पुढे पोर्टलंडकडून २०२५ च्या ऑल-डिफेन्सिव्ह दुसऱ्या संघात, म्हणजे वर्षातल्या उत्तम बचावपटूंच्या यादीत, आला. तेव्हाही मी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याच्या अंगणात उभा राहून.

फीनिक्सचं पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. २०२४ ला प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद सामन्यांत, मिनेसोटाने पहिल्याच फेरीत ४-० असं घरी पाठवलं. पुढच्या सीझनला ३६ विजय, ४६ पराभव आणि प्लेऑफ नाही. लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या नव्या करारातल्या पगाराच्या दुसऱ्या मर्यादेपलीकडे गेलेल्या टीमला दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, आणि बीलच्या करारात तर त्याच्या संमतीशिवाय ट्रेड न करण्याचं कलम होतं. दोन्हीकडून दार बंद.

आता ओक्लाहोमा. इथे सगळं गोड आहे असं समजू नका. २०२०-२१ ला २२ विजय, पुढच्या वर्षी २४. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून १५२-७९, म्हणजे ७३ गुणांनी हार, लीगच्या इतिहासातली सर्वांत मोठी. २०२२ ला दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला चेट होमग्रेन पायाच्या दुखापतीने त्याचा पहिला अख्खा सीझन बाहेर. मी गेलो तेव्हा हे दिवस सरत आले होते, त्यामुळे तो काळ ज्यांनी काढला त्यांच्याइतकं श्रेय मला घेता येणार नाही. तुम्ही आज एखादी अशी टीम तळापासून धरणार असाल तर तीन-चार वर्षं हातची गेली असं धरून चाला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. ओक्लाहोमाही ट्रेडनेच उभी राहिली. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला, त्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पहिल्या फेरीची पाच पिकं आली. त्यातल्याच एका पिकावर २०२२ ला बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला. ट्रेड दोघांनीही केले, फरक दिशेचा होता. एकाने उद्या विकून आज घेतला, दुसऱ्याने आज विकून उद्या घेतला. उन्हाळ्यातल्या गप्पा वाचताना मी आता पहिलं हेच बघतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मांडतो. टोरांटोने एका वर्षासाठी क्वाय लेनर्ड आणला आणि २०१९ चं विजेतेपद घेतलं, लेकर्सनी अँथनी डेव्हिस आणून २०२० चं. आणि ड्राफ्ट काही हुकमी पान नाही. २०१८ ला सॅक्रामेंटोने दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला, लुका डॉन्चिच तिसरा गेला. याच सॅक्रामेंटोला मी ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये पाहिलं, समोर इंडियाना पेसर्स. पेसर्सनी मुंबईतले दोन्ही सामने जिंकले. तेव्हा पेसर्सकडे असलेला डोमंटास सबोनिस २०२२ ला सॅक्रामेंटोला गेला, टायरीस हॅलिबर्टन सॅक्रामेंटोहून पेसर्सकडे. सॅक्रामेंटोचा सोळा सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपला आणि पेसर्स २०२५ ची फायनल खेळले. दोघांचंही भलं करणारा ट्रेड असतो, तो असा.

म्हणून ज्याला वेळ कमी, फक्त मोठे सामने बघायचेत, किंवा अमेरिकेत राहून वर्षातून एकदा स्टेडियमला जायचंय, त्याने ट्रेडवाली टीम घ्यावी. नाव मोठं, सामना टीव्हीवर, लगेच रंगत. रोज पहाटे उठण्याची तयारी असेल तर मात्र मी थोडं ओक्लाहोमाकडेच ढकलेन. २२ जून २०२५ च्या रात्री बातमी आली की ड्युरंट ह्यूस्टनला चालला. बदल्यात जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स आणि त्या वर्षीचं दहावं पिक. ते दहावं पिक म्हणजे फीनिक्सचंच, ड्युरंटसाठी दिलेलं, फिरून घरी आलेलं. काही तासांनी, आपल्या सोमवारच्या पहाटे, ओक्लाहोमाने फायनलचा सातवा, निर्णायक सामना १०३-९१ जिंकला. मैदानावर होमग्रेन, विल्यम्स, आणि लू डॉर्ट, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. त्यांच्या चुका मला पाठ होत्या, म्हणून त्यांचं हसूही ओळखीचं वाटलं.

भाच्याने अजून ठरवलेलं नाही. ड्युरंटचा जंपशॉट त्याला फार आवडतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण गेल्या आठवड्यात त्याने ओक्लाहोमाच्या यादीत अजय मिचेल हे नाव पाहिलं आणि फोन केला, "मामा, हा आपल्याकडचा का?" आपल्याकडचा नाही, बेल्जियमचा, कमारासारखाच, आणि २०२४ च्या दुसऱ्या फेरीतला, अडतिसावा. पुढच्याच उन्हाळ्यात ओक्लाहोमाने त्याच्याशी नवा करार केला. आता भाचा रोज त्याचे गुण विचारतो. पुढच्या ड्राफ्टला तो माझ्याकडे राहायला येणार आहे. पहाटे पाचचा गजर लावायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय.