मिनी राउंड बेलर : एक वायंगण, एक पावसाळा आणि एक सरद काढल्यावरचा अनुभव

आमच्याकडे गोव्यात पेडण्यात वायंगण शेती, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, तिळारीच्या कालव्याच्या पाण्यावर होते, भात बहुतेक ज्योती जातीचं, कापणी मार्च-एप्रिलमध्ये. हार्वेस्टर यायला लागल्यापासून भात एका दिवसात घरी येतं पण पेंढा सगळा शेतात विस्कटून पडतो. आधी झोडणी झाली की पेंढ्या बांधून खांबाभोवती उडवी रचायचे, ते काम येणारी माणसं आता मिळतच नाहीत, म्हणून कोण पेंढा तसाच सोडतं, कोण काडी लावतं, आणि मग जुलैमध्ये घाटावरून ट्रकने येणारा पेंढा विकत घेतात. आपल्याच शेतातला जाळायचा आणि बाहेरचा विकत आणायचा हे मला बघवत नव्हतं, म्हणून गेल्या वायंगणाच्या तोंडावर बेलर घेतला, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून पेंढ्याचे गोल गठ्ठे बांधणारं मशीन. साडेतीन लाखांच्या आसपास पडला. कृषी खात्याचं कृषी कार्ड असेल तर आधी झोनल ॲग्रिकल्चर ऑफिसमध्ये सबसिडी विचारून घ्या, खरेदी करायच्या आधी, नंतर नाही.

मशीनचं काम सोपं आहे. 35 एचपीच्या वरचा ट्रॅक्टर, पीटीओ (मागच्या मशीनला ट्रॅक्टरची ताकद देणारा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर, पेंढ्याच्या ओळीवरून चालवत जायचं, खालचे दाते पेंढा उचलतात, आतले रोलर तो गोल गुंडाळत घट्ट करतात, भरलं की भोंगा वाजतो, तिथे ट्रॅक्टर थांबवायचा पण पीटीओ चालूच ठेवायचा, मग सुतळी गुंडाळली जाते आणि कापली जाते, लिव्हर ओढला की मागचं दार उघडून गठ्ठा खाली. दोन फूट जाडीचा आणि तीन फूट लांबीचा, नीट सुका असेल तर 18 ते 20 किलोचा. आमची आई एकटी ढकलत मांगरापर्यंत (घराजवळच्या शेडपर्यंत) नेते. जागा एवढी वाचली की पूर्वी अंगणात ताडपत्रीखाली अर्धा भिजणारा पेंढा आता पूर्ण आत मावतो.

पण जे कोणी घ्यायचा विचार करतायत त्यांना मला एकच गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, आपल्या किनाऱ्याजवळच्या हवेत खरं काम सुकवायचं आहे, बेलर नंतर. एप्रिलमध्येही पहाटे एवढं दंव पडतं की सकाळी नऊ वाजता पेंढा वरून सुका दिसतो आणि ओळीच्या खाली हात घातला तर ओला लागतो. त्यामुळे हार्वेस्टरच्या मागे लगेच बेलर लावायचा नाही. दोन कडक उन्हं द्यायची, मध्ये एकदा ओळ उलटायची, आणि काम साडेदहा-अकराच्या नंतरच सुरू करायचं. मूठभर पेंढा घेऊन पिळायचा, काडी कडकन तुटली तर ठीक, नुसती वाकली तर अजून थांबा. ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या खाली आलेला बरा. ओला पेंढा घट्ट दाबला की आतले जंतू कामाला लागतात, गठ्ठा आतून तापतो, पांढरी बुरशी धरते, आणि फारच तापला तर पेटायचीसुद्धा भीती असते.

रचल्यावर पहिल्या आठवड्यात मी गठ्ठ्याच्या मधोमध एक लोखंडी सळी खुपसून ठेवतो, थोड्या वेळाने ओढून हाताला लावतो, गरम लागली की तो गठ्ठा बाहेर काढून सुतळी कापून मोकळा करायचा. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर उरलेल्या तुकड्यातला पेंढा बांधला होता तेव्हा काही गठ्ठ्यांत सळी चांगलीच गरम आली, ते सगळे उन्हात पसरले, आणि बाकीचा ढीग वाचला. खाली सुपारीच्या फळ्या टाकायच्या, भिंतीपासून हातभर जागा सोडायची. एवढं केल्यावर ऑगस्टमध्ये उघडलेल्या गठ्ठ्याला आतून अजून तो एप्रिलचा वास होता आणि रंग पिवळाच, काळपट नाही. आमची श्वेतकपिला (गोव्याच्या देशी जातीची गाय) आधी हुंगून मग खाणारी, तिनेही सरळ तोंड घातलं.

आता त्रास. हार्वेस्टर कुठल्या प्रकारचा आहे यावर सगळं अवलंबून आहे, काही मशीन पेंढ्याचे एवढे तुकडे करतात की गठ्ठा उचलला की निम्मा गळतो. ऑपरेटरला आधीच सांगायचं, खालून कापा, नाहीतर फूटभर धाटं उभी राहतात आणि बेलरला मिळतो फक्त वरचा शेंडा. शेतातलं पाणी कापणीच्या आठ-दहा दिवस आधी सोडून द्यायचं, नाहीतर चिखल पेंढ्यात येतो आणि गुरं तोंड लावत नाहीत. आणि आपले कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, लहान, बांधाबांधावर वळताना दाते वाकतात. माझे वाकले, दोन तुटले, ते मागवले तर डीलरने भर हंगामात आज देतो उद्या देतो करत लटकवलं, शेवटी म्हापशात वेल्डिंग करून काम चालवलं. दाते आणि शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून मशीन वाचवणारे) सुरुवातीलाच जास्तीचे घेऊन ठेवा.

सुतळी मी ज्यूटचीच वापरतो. प्लॅस्टिकची स्वस्त आहे, उंदीर कमी कुरतडतात, पण तुकडा गाईच्या पोटात गेला तर तो तसाच राहतो, त्यामुळे आमच्या गोठ्यात तरी नाही.

सरदाला, म्हणजे पावसाळी भाताच्या ऑक्टोबरच्या कापणीला, अनुभव निम्मा-निम्मा. मध्येच पाऊस, जमीन मऊ, ट्रॅक्टर रुततो, वरच्या कोरड्या शेतांतच जमलं. बेलरचा खरा हंगाम वायंगणाचा.

अजून एक, पेंढा साठला म्हणून खाद्य पूर्ण झालं असं नाही, भाताच्या पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात. दुभत्या गाईला देताना मी गठ्ठे मोकळे करून पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करतो, 100 किलो सुक्या पेंढ्याला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून ताडपत्रीने हवाबंद 21 दिवस. काढल्यावर थोडा वेळ उघडा ठेवून मग घालायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही. नुसता युरिया गुरांच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका, विषबाधा होते.

शेजारच्या वाड्यावरच्या दोघा काकांचं शेत यंदा मीच बांधून देणार, गठ्ठ्यामागे पैसे घेऊन, सुतळी माझी. कोणाला मशीन चालताना बघायचं असेल तर वायंगणाच्या कापणीत या, पण दुपारी या, सकाळी दंव सुकेपर्यंत आम्ही सुरूच करत नाही.